उसनं दुखणं

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही मी स्वतः शिवली आहे. छापताना सोळा-सोळा पानांचे सात फर्मे कोरेच राहिले होते, मालक म्हणाले रद्दीत टाका. मी ते घरी आणले, शिवले, पुठ्ठा चढवला. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं बांधली, एक तरी आपलं असावं. लिहायचं काय, एवढाच प्रश्न होता. आज लिहायला बसले, कारण कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि जिच्याशी मी बोलते तिच्याबद्दलच बोलायचंय.

वेलांटी आज एकोणिसाव्या दिवशीही कामावर आली नाही.

वेलांटी म्हणजे आमच्या छापखान्यात प्रुफं तपासणारी. ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं तिला दुसऱ्याच्या नाकावर बसलेल्या माशीसारखं दिसतं, म्हणून सगळे तिला वेलांटी म्हणतात. मी पुस्तकं बांधते. ती मला दाभण म्हणते, कारण मी कुठेही घुसते. रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी कोपऱ्यावर भेटायचं आणि चाळीस मिनिटं चालत, पूल ओलांडून, कामाला जायचं, असं अकरा वर्षं चाललंय. आमचे हे गेले तेव्हा मी तीन महिने घराबाहेर पडले नव्हते. तेव्हा ती रोज दोन जिने चढून यायची आणि म्हणायची, मला एकटीला चालायचा कंटाळा येतो. मला दया आली. म्हटलं, बिचारीला सोबत नाही. तेव्हापासून मी तिला सोबत करते.

आज न सांगता तिच्या घरी गेले. दार तिच्या वडिलांनी उघडलं. त्यांना अजिबात ऐकू येत नाही म्हटलं तरी चालेल. त्या घरात गुपित राहतच नाही, कारण त्यांना काही सांगायचं तर ते तिसऱ्या मजल्यापर्यंत जातं. पण हे एक गुपित तिने दोन वर्षं ठेवलं होतं. ते मी आज काढून घेतलं. दाभण ती दाभणच.

तिच्या मोठ्या आतड्याला जखमा आहेत. संसर्ग नाही, बाहेरचं खाल्लं म्हणून नाही. आपलं शरीरच आपल्यावर उलटतं म्हणे. महिनोन्महिने गप्प बसतं, मग उठतं. एकदा उठलं की दिवसात पंधरा वेळा जावं लागतं, रक्त पडतं, आणि कळ आल्यापासून हातात दोन मिनिटं असतात.

"दोन मिनिटं," ती म्हणाली. "कधी एकच."

जानेवारीत पुलापासून घरी येताना तिला ती दोन मिनिटं पुरली नाहीत. भर रस्त्यात. अंधार पडेपर्यंत ती एका भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि मग घरी आली. तेव्हापासून तिने उंबरा ओलांडलेला नाही.

"कुणाला सांगितलंस तर आपलं संपलं," ती म्हणाली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मालकांना विचारलं, प्रुफं तिच्या घरी नेली तर चालेल का. हे मालक म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा. मला मावशी म्हणतो, पण पगार शिकाऊ पोरीसारखा देतो.

"नेमकं काय झालंय त्यांना, मावशी?"

"पाठ," मी म्हटलं.

पाठीचं दुखणं सभ्य असतं. माणसं लगेच आपल्याही पाठीवर हात ठेवून हळहळतात. तोही हळहळला आणि हो म्हणाला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी गठ्ठा आणते, संध्याकाळी नेते. काम झकास चाललंय. पण वेलांटी काही झकास नाही. गेल्या आठवड्यात तीच कुरकुर करत होती की घरात बसून आपण माणसातून उठू. या आठवड्यात कुरकुरही नाही. केस विंचरलेले नव्हते. मी बातम्या सांगते, ती 'हं' म्हणते.

आज पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर तिची गोळ्यांची पट्टी होती. एक गोळी चाकूने अर्धी केलेली.

"डॉक्टरांनी अर्धी सांगितली?"

"पुरवते आहे."

दोन वेळा डॉक्टरांकडे जायचं होतं, दोन्ही वेळा गेली नाही. दवाखाना पुलापलीकडे, छापखान्याच्या पुढे दोन गल्ल्या. तपासल्याशिवाय डॉक्टर औषध लिहून देत नाहीत. मी म्हटलं, गाडीने जाऊ. तर म्हणाली, "गाडी पुलावर अडकली की अर्धा अर्धा तास अडकते. चालताना निदान पळता तरी येतं."

"पळून जाशील कुठे?"

"तेच तर," ती म्हणाली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज घड्याळ हातात धरून चालले. तिच्या दारापासून दवाखान्यापर्यंत. दोन मिनिटांचा हिशेब लावायचा तर दर चार मिनिटांच्या चालीवर एक दार हवं, म्हणजे पुढे किंवा मागे, कुठेतरी पोचता येईल. अशी किती दारं आहेत ते अकरा वर्षांत पाहिलंच नव्हतं. बेकरी. चष्मेवाला. बँक. किल्ल्या करणारी. दातांचा दवाखाना. मग पूल. पुलावर नऊ मिनिटं काहीच नाही, नदी आणि कठडा. पूल उतरल्यावर एकच मोठं दुकान, आणि ते कसलं, तर फरशा, नळ आणि कमोड यांचं. काचेत शंभरेक कमोड मांडलेत, पांढरे, निळे, एक तर सोनेरी कडेचा. एकालाही पाणी जोडलेलं नाही. समुद्रात राहून तहानेनं मरायचं म्हणतात ते हेच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बेकरीवालीपासून सुरुवात केली. ती बोलकी आहे, म्हणून सोपं जाईल असं वाटलं.

मी म्हटलं, एका माणसाला पोटाचा कायमचा आजार आहे, रस्त्यात अचानक गरज पडली तर तुमच्या मागच्या संडासात जाऊ द्याल का?

"कोणाला हो?" तिने विचारलं.

मी वेलांटीचं नाव घेणार नव्हतेच. पण 'एका माणसाला' म्हणून कोण दार उघडतं? बेकरीवाली पाव मोजायची थांबून माझ्याकडे पाहत होती. तोंडातून निघून गेलं, "मला."

तिने हातातला पाव खाली ठेवला, काउंटरच्या बाहेर आली आणि माझे दोन्ही हात धरले. पिठाचे हात. म्हणाली, "किती दिवस एकटीने सोसताय?"  डोळ्यांत पाणी आलं, ते कसं आलं मला माहीत नाही. नाटक चांगलं वठलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

एकदा खोटं बोललं की पुढचं सोपं जातं. किल्ल्या करणारी जास्त बोलत नाही. तिने ऐकून घेतलं आणि तिथल्या तिथे मागच्या दाराची जादा किल्ली घासून माझ्या हातात ठेवली. चष्मेवाल्याला मी 'बाथरूम' म्हटलं तर त्याने हात धुवायचं बेसिन दाखवलं. मग 'टॉयलेट' म्हटलं. मग सरळ संडास म्हटलं, तेव्हा कळलं. समोर दोन गिऱ्हाइकं चष्मे लावून बसली होती, त्यांनाही स्वच्छ दिसलं. दातांच्या दवाखान्यातल्या बाईंनी वहीत माझं नाव लिहून घेतलं आणि 'थांबायला लावू नये' असा शेरा मारला.

बँकेचा पहारेकरी म्हणाला, सोय फक्त खातेदारांसाठी. मी म्हटलं, मी खातेदार आहे. तर म्हणाला, शाखा दुसरी आहे. पोटाला शाखा कळत नाही, असं म्हणणार होते, पण त्याचीही नोकरीच.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बेकरीवाली रोज विचारते, आज कसं वाटतंय. किल्लीवाली मान हलवून विचारते. चष्मेवाल्याने खुर्ची दिली. खरं लिहायचं तर बरं वाटतं. हे गेले त्यानंतर पहिले पंधरा दिवस लोक असं विचारायचे, मग बंद झाले. पण हे लिहून ठेवायची गोष्ट नाही. हे सगळं वेलांटीसाठी चाललंय.

घरात मात्र सुनेचं काहीतरी बिनसलंय. चार दिवस स्वयंपाकात तिखट नाही, सगळं मऊ, शिजून शिजून गाळ. माझ्या दातांवर टोमणा असावा. शिवाय मी न्हाणीघरात गेले की बाहेर तिची पावलं येऊन थांबतात. पाणी जास्त वापरते का, हे बघते की काय? ती बालवाडीत शिकवते, तिथल्या पोरांसारखी मलाही मोजते. मुलाला सांगणार होते, पण उगाच घरात आग नको.

२६ फेब्रुवारी, बुधवार

कमोडच्या दुकानात गेले. मालक वयस्क, चष्मा नाकाच्या टोकावर, पेपर वाचत होता. मी थोडं ऊन, थोडी महागाई असं बोलून मग विषय काढला. हळूहळू उतरायचं म्हणून.

"इथे सोय नाही," तो म्हणाला.

मी काचेतल्या शंभर कमोडांकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. हसू कुणालाच आलं नाही.

"मागे आहे ना एक?"

"तो घरच्यांसाठी. ऊन वाढलंय खरं, संभाळून जा."

झालं. हे दार उघडत नाही तोवर बाकीच्यांचा उपयोग नाही. नऊ मिनिटं पूल आणि पुढे अकरा मिनिटं ओसाड रस्ता. वेलांटीला अजून यातलं काहीच सांगितलेलं नाही. पूर्ण रस्ता जमला की मगच सांगायचं ठरवलं होतं. आज तिच्या घरी गेले तर पट्टीत आठ गोळ्या होत्या, आणि आता एका दिवसाआड अर्धी.

३ मार्च, सोमवार

हे नीट लिहायला हवं.

दुपारी खळ लावत होते, कोपरापर्यंत हात भरलेले. मान वर केली तर दारात वेलांटी. चेहरा पांढराफटक, पण केस विंचरलेले. अख्ख्या छापखान्यात आवाज उठला, आलात का, पाठ कशी आहे. तिने कुणाकडे पाहिलं नाही. मला मनगटाला धरून मागे कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये नेलं.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

"कशाला?"

"अगं, बाबा सकाळी बेकरीत गेले होते. ती बाई त्यांना ओरडून सांगत होती, तुमच्या मुलीच्या त्या मैत्रिणीला पोटाचा मोठा आजार झालाय, बिचारी दारोदार संडास मागत फिरते. बाबांना कळेना, म्हणून तिने चार वेळा ओरडून सांगितलं. सगळ्या बेकरीला कळलं, आणि मला नाही." तिचा श्वास लागला होता. "रक्त पडतं? माझ्यापाशी बसून रोज माझं ऐकत होतीस आणि स्वतःचं एक अक्षर बोलली नाहीस."

मग तिने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. कात्रीने मधोमध कापलेली.

"सहा होत्या. या तीन तुझ्या. डॉक्टर लिहून देईपर्यंत अर्धी अर्धी घे, सुरुवातीला मळमळेल."

मी खळीचे हात मागे धरून उभी होते. त्या तीन गोळ्या मला घेताही येईनात आणि नाही म्हणताही येईना. मग सांगितलं. सगळं. पहिल्या 'मला'पासून.

 माझ्या हातावरची खळ वाळून ताठ झाली.

"म्हणजे मालकांच्या मते माझी पाठ गेलीय," ती म्हणाली, "आणि गावाच्या मते तुझी आतडी. अजून कुणाला काय वाटलंयस?"

"तूच म्हणालीस, कुणाला सांगू नकोस."

"सांगू नकोस म्हटलं होतं. तुझ्या नावावर छाप, असं नव्हतं म्हटलं." आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "लोकांनी तुझी कीव केली असेल ना. कशी होती चवीला?"

मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, बरी होती.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलले. मग तीन गोळ्या परत पिशवीत घातल्या आणि गेली.

४ मार्च, मंगळवार

पुठ्ठे कापताना एकदम लक्षात आलं. काल ती पूल ओलांडून आली होती. एकटी. आणि एकटीच परत गेली.

५ मार्च, बुधवार

जेवण झाल्यावर मुलगा म्हणाला, "आई, शुक्रवारी मी सुट्टी घेतलीय. तपासणीला मी येतो बरोबर." सून मान खाली घालून ताटं गोळा करत होती.

"कसली तपासणी?"

सून चष्मा बदलायला गेली होती, तिथे तिला चष्मेवाल्याने सांगितलं. दोन आठवड्यांपूर्वी. दोन आठवडे ती वाट पाहत होती की आई आपणहून बोलतील. तिने कुणाला तरी विचारून पोटाला काय चालतं त्याची यादी आणली होती. न्हाणीघराबाहेर उभी राहायची ती मला चक्कर आली तर पडल्याचा आवाज यावा म्हणून.

मी सांगितलं की मला काही झालेलं नाही. मुलगा हसायला लागला. सून हसली नाही. ताटं तशीच खाली ठेवून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत गेले तर पलंगाच्या कडेवर बसली होती.

"मला वाटलं, तुम्ही मला परकी समजता म्हणून सांगत नाही," ती म्हणाली.

नऊ वर्षं ही घरात आहे. मी तिच्याशेजारी बसले. म्हटलं, उद्या भाजीत तिखट घाल. तेव्हा कुठे ती हसली, डोळे पुसत.

मग मी वेलांटीची गोष्ट सांगितली, नाव न घेता. तिने नाव विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "आमच्या बालवाडीत प्रत्येक मुलाच्या पिशवीत कपड्यांचा एक जादा जोड असतो. झालं की बदलतात आणि खेळायला जातात. मोठ्यांची पिशवी कुणी भरत नाही."

१० मार्च, सोमवार

वेलांटी दार उघडत नाही. प्रुफं तिचे वडील देतात, घेतात. पूर्वी ती समासात माझ्यासाठी काहीबाही लिहायची, लेखकाची टिंगल, नाहीतर 'डोळे दुखले, चहा हवा'. आता फक्त खुणा. आज बत्तीसच्या बत्तीस पानांचे समास बघितले. एका ठिकाणी लाल शाईचा ठिपका होता, तो ठिपकाच होता.

वडिलांना ओरडून विचारलं, ती कशी आहे. म्हणाले, "हो पोरी, ऊन फार आहे."

पंचाईत अशी की हे खोटं मागेही घेता येत नाही. 'आजार मला नाही' म्हणाले तर लगेच विचारतील, मग कोणाला? म्हणून बेकरीवालीने विचारलं तर अजून मी म्हणते, बरं आहे. पूर्वी हे म्हणताना बरं वाटायचं. आता पाव घेते आणि लगेच निघते.

१३ मार्च, गुरुवार

आज बेकरीवालीने माझे हात धरले नाहीत. पाव बांधून दिला आणि म्हणाली, "तुम्ही फार वाईट आहात हो," पण हसत. मला काही कळेना. किल्लीवालीकडे गेले तर ती म्हणाली, "दुसरी किल्ली केली काल. तुमची तुमच्याकडेच ठेवा." ती एका वेळी एवढं बोललेली मी प्रथमच ऐकलं.

पूल उतरून कमोडच्या दुकानात शिरले. तो पेपरच वाचत होता.

"तुमच्या मैत्रीण काल येऊन गेल्या," तो म्हणाला. "सगळं सांगितलं. तुम्ही खोटारड्या आहात असंही सांगितलं."

"पण तुम्ही तर म्हणाला होतात, सोय नाही."

"तुम्ही ऊन आणि महागाई सांगत होतात. ज्याला खरोखर लागलीय तो उन्हाबद्दल बोलत नाही, बाई. धंदाच आहे माझा, तेवढं कळतं." त्याने पेपरची घडी केली. "त्या मात्र त्या सोमवारी दुपारी धावत आत आल्या होत्या. मी विचारलं, काय दाखवू? म्हणाल्या, चालू असलेला एक."

मी हसले, आणि तोही पहिल्यांदाच हसला. त्याने ड्रॉवर उघडून दाखवला. किल्ली आता आतल्या खुंटीवर नाही, हाताशी ठेवलीय.

म्हणजे वेलांटी काल सगळ्या दारांवरून गेली. प्रत्येक ठिकाणी म्हणाली, ती नाही, मी. बँकेतसुद्धा. पहारेकऱ्याने व्यवस्थापकांना बोलावलं आणि व्यवस्थापकांनी हो म्हटलं. मला हे पंधरा दिवसांत जमलं नाही आणि तिने एका दिवसात उरकलं. थोडा रागही आला. रस्ता मी मोजला होता.

१५ मार्च, शनिवार

संध्याकाळी दोन जिने चढून वेलांटी आली. वरच्या पायरीवर बसून श्वास घेतला. मी पाणी दिलं.

"मालकांना सांगितलं," ती म्हणाली. "पाठीचं नाही, खरं काय ते. लाल झाला बिचारा. मग म्हणाला, त्याच्या आत्यालाही असंच आहे, घरात कुणी बोलत नाही."

 घाबरले होते.

"मंगळवारी डॉक्टर. दहाला. येणार असलीस तर ये. पण वाटेत कुणी विचारलं तर तोंड मी उघडणार."

"बरं."

"आणि माझं दुखणं परत उसनं नेऊ नकोस. मला लागतं ते."

निघताना सुनेने तिच्या हातात एक छोटी पिशवी दिली, जादा कपड्यांची. वेलांटीने आत पाहिलं. "मी बालवाडीत आहे का?" म्हणाली आणि टेबलावर ठेवून गेली. सुनेने ती उचलून माझ्या पिशवीत घातली.

१८ मार्च, मंगळवार

जाताना काही झालं नाही. बेकरीत एकदा आणि दातांच्या दवाखान्यात एकदा थांबलो. तिथल्या बाईंनी वहीतलं माझं नाव खोडून तिचं लिहिलं होतं. पूल आम्ही बोलत बोलत ओलांडला. म्हणजे मी बोलत होते.

डॉक्टर बाईंनी तिला अर्ध्या गोळ्यांबद्दल चांगलं फैलावर घेतलं. मग तपासलं, नवं औषध लिहून दिलं. म्हणाल्या, महिनाभरात फरक वाटेल. वेलांटीने विचारलं, "जाईल का?" त्या म्हणाल्या, "जाणार नाही. दबून राहील. मध्ये मध्ये उठेल, तेव्हा आपण दोघी पुन्हा बघू." वेलांटीने मान हलवली. तिला हे आधीच माहीत होतं, मीच मूर्खासारखी काहीतरी वेगळं ऐकायला गेले होते.

परतताना पुलाच्या मध्यावर ती थांबली. मला वाटलं नदी बघतेय. मग तिने कठडा धरला. बोटं पांढरी झाली. मागे साडेचार मिनिटं, पुढे साडेचार.

"चल, पळू," मी म्हटलं.

"नको," ती म्हणाली. "नाही पोचणार."

आणि तसंच झालं. लोक जात होते. मी स्वेटर काढून तिच्या कमरेला बांधला आणि तिच्या मागे, अगदी चिकटून, उभी राहिले. मी सतत काहीतरी बोलत होते, काय ते आठवत नाही. ती म्हणाली, "जरा गप्प बस," म्हणून गप्प बसले. तिने डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं आता ही पुन्हा घरात शिरेल ती कायमचीच, मी केलेलं सगळं धुऊन गेलं. मग वाटलं, मी काय केलं होतं? आणि मग काहीच वाटेना, फक्त ती थरथरत होती ते कळत होतं.

थोड्या वेळाने तिने डोळे उघडले. "दुकान जवळ की घर?"

"दुकान."

मागे वळलो. साडेचार मिनिटं, हळूहळू. मी तिच्या पावलामागे पाऊल टाकत होते. दुकानदाराने मान वर केली, ड्रॉवर उघडला, किल्ली दिली आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. मी सुनेची पिशवी तिच्या हातात दिली. या वेळी तिने ती घेतली. आतून बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. दुकानदार पेपराआडून म्हणाला, "गरम पाण्याचा नळ डावीकडचा. सांगा त्यांना." मी दाराशी जाऊन सांगितलं.

ती बाहेर आली तेव्हा त्याने तीन कप चहा मागवला होता. सोनेरी कडेच्या कमोडाशेजारी स्टुलांवर बसून आम्ही तो प्यायलो.  दुकानदार नळांच्या भावाबद्दल बोलला.

तिच्या दाराशी सोडून आले. तिने मागे वळून पाहिलं नाही.

१९ मार्च, बुधवार

झोप लागली नाही. पावणेआठलाच निघाले. तिच्या घरी जायचं, दार वाजवत राहायचं, उघडेपर्यंत हलायचं नाही असं ठरवलं होतं. काय काय बोलायचं तेही पाठ केलं होतं. मोठी मोठी वाक्यं होती, एकाचंही व्याकरण तिच्यासमोर टिकलं नसतं.

ती कोपऱ्यावर उभी होती.

"लवकर आलीस," मी म्हटलं.

"तू पण."

निघालो. बेकरीवालीने हात केला. वेलांटी लेखकाला शिव्या देत होती, त्याला स्वल्पविराम कुठे द्यावा ते कळत नाही आणि कुठे थांबावं तेही कळत नाही. मी ऐकत होते. पुलावर चढल्यावर ती गप्प झाली, म्हणून मीही.

मध्यावर ती थांबली. मी तिच्या मागे सरकले. पण तिने कठडा धरला नाही, नुसतीच उभी राहिली.

"इथेच ना?"

"इथेच," मी म्हटलं.

"दोन वर्षं मी या एका गोष्टीला घाबरत होते," ती म्हणाली. "जानेवारीत झालं तेव्हा अंधार पडेपर्यंत भिंतीला उभी राहिले. वाटलं, याच्यापुढे काही नसतं."

"काल पुढे चहा होता."

तिने थोडा विचार केला.

"साखर जास्त होती," ती म्हणाली आणि चालू लागली.